माझ्यावर भात कमी होत गेला

मी चटई बोलतेय. पण नाव ऐकून मला ओसरीवर अंथरू नका. माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही. वहीच्या उघड्या पानाएवढा माझा पसारा. बांबूच्या बारीक काड्या सुती दोऱ्याने शेजारी शेजारी बांधल्या, की झाले मी. मला ओट्यावर पसरतात आणि माझ्यावर गिमचा ताव ठेवतात. गिम म्हणजे समुद्रातलं शेवाळ, कागदासारखं पातळ थापून वाळवलेलं. त्यावर तिळाचं तेल आणि मीठ लावलेला भात पसरायचा, भातावर भाज्यांच्या पट्ट्या मांडायच्या, आणि मला धरून सगळं गुंडाळायचं. सुरळीचे काप केले की झाला गिंबाप. त्याला आकार देते मी, पण खाणाऱ्याला मी कधी दिसत नाही.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या दाम्यांगचा. तिथल्या बांबूच्या बनातले माझे नातेवाईक टोपल्या झाले, पंखे झाले. एक जण बासरी झाला म्हणे, तेवढंच कुळाचं नाव. उरलेल्या बारीक काड्यांची मी झाले. तिथून गठ्ठ्यात बांधून मला मोकपो बंदराच्या बाजारात आणलं. एका हातात पालकाची जुडी आणि दुसऱ्या हातात लहान मुलगी, अशी एक बाई आली आणि मला घेऊन गेली.

बाईचं नाव मिरान, मुलीचं दासोम. दुसऱ्या दिवशी दासोमची शाळेतली पहिली सहल होती, आणि आमच्याकडे सहल म्हणजे डब्यात गिंबाप हवाच.

मिरानचा पहिला गिंबाप माझ्याच मांडीवर फुटला. गिम मधोमध उलला आणि गाजरं बाहेर आली. तिची सासू बोंगनिम तेव्हा वान्दो बेटावरून आलेली होती. बेटावर तिची गिमचीच शेती. थंडीत समुद्रात उभं राहून राहून हात खडबडीत झालेले. ती मागे उभी राहून बघत होती.

“अगं दासोमच्या आई, ती चटई आहे, तान्हं बाळ नाही,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी दाब. घाबरत घाबरत केलंस तर सहलीला पोहोचेपर्यंत सगळं सुटून येईल.”

मिरानने दाबलं. दुसरी सुरळी जमली. दासोम टाचा उंचावून बघत होती. तिने पहिला काप उचलला, त्यातली अंड्याची पिवळी, पालकाची हिरवी, गाजराची लाल चकती न्याहाळली आणि म्हणाली, “आई, याला डोळा आहे.”

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. सहली, शाळेचे खेळ, बाबांची सुट्टी. दासोमचे बाबा, चोलगू, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. घरी आले की हात धुवायच्या आधीच एक काप तोंडात टाकायचे आणि मिरानची बोलणी खायचे. मला भिंतीवर एका खिळ्याला टांगलेलं असायचं. तिथून माणसं फार छान दिसतात. घरातल्या बाईला काय झालंय हे तिच्या तोंडापेक्षा भात ढवळणाऱ्या हाताकडे बघून जास्त लवकर कळतं.

मिरानची एक सवय मी पहिल्यापासून बघत आले. सुरळीची दोन टोकं वेडीवाकडी असतात, भाज्यांच्या शेंड्या बाहेर आलेल्या. ती डब्यात जात नाहीत. मिरान ती ओट्यापाशी उभ्या उभ्या तोंडात टाकायची, आणि तेच तिचं जेवण. सगळ्यांना वाढून झालं की चोलगू म्हणायचे, बस की आता तू. ती म्हणायची, करता करताच पोट भरलं. आरशासमोरून जाताना मात्र ती श्वास आत ओढून पोटावरून हात फिरवायची. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. बायका असं करतात, एवढंच मला माहीत होतं.

दासोम माध्यमिक शाळेत गेली त्या वर्षी चोलगूंना साखर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, भाज्या वाढवायला सांगितल्या. मिरानने घर बदलून टाकलं. पांढरा भात गेला, करडा हातसडीचा आला. डब्यातलं मांस गेलं, काकडी आणि कोबी आला. माझ्यावर असे सुबक, हलके गिंबाप होऊ लागले की शेजारणी कसे केले म्हणून विचारायला यायच्या. मिरान खूश होती. मीही होते.

त्याच सुमाराला दासोमचा गणवेश आणायला मायलेकी दुकानात गेल्या. तिथल्या बाईने तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि एक माप मोठं काढलं. घरी आल्यावर मिरानने हे हसत हसत सांगितलं. चोलगूही हसले. म्हणाले, आजीच्या बेटावरचं खाऊन वाढलेली पोर आहे, वाऱ्याने उडणार नाही. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. दासोमही हसली. मग ती उठून खोलीत गेली आणि त्या संध्याकाळी जेवायला आली नाही. अभ्यास आहे म्हणाली.

थोड्या दिवसांनी तिने आईला सांगितलं की माझा डबा मीच करीन. मिरानला भरून आलं. शेजारणींना सांगत सुटली की पोरगी किती शहाणी झाली, बाबांसारखंच तब्येतीचं खाते.

दासोमचा हात माझ्या ओळखीचा होता. लहानपणी ती मला उगाचच गुंडाळायची आणि दुर्बीण करून खिडकीतून बोटी बघायची. आता ती गंभीरपणे उभी राहायची. पहिल्यांदा तिने भात थोडा कमी घेतला. मग निम्मा. मग तिळाचं तेल बंद झालं, कारण तेल. मग अंडं गेलं. गाजर परतायचं ते नुसतं उकडायला लागली, नंतर तेही गोड लागतं म्हणून गेलं. भाताच्या जागी चिरलेला कोबी आला. मग गिमचा ताव अर्धा झाला.

हे सगळं एकदम झालं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ते हळूहळू झालं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिला शाबासकी दिली. वर्गातल्या मुली म्हणाल्या, किती छान दिसतेस. शिक्षिका म्हणाल्या, चेहरा उजळलाय. मिरान म्हणाली, शिस्त असावी तर अशी.

सुरळी किती जाड आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागत नाही. ती माझ्या पोटातच असते. चांगला गिंबाप मनगटाएवढा भरतो. दासोमची सुरळी आधी अंगठ्याएवढी झाली, मग करंगळीएवढी. शेवटी शेवटी काकडीची एक फाक आणि तिच्याभोवती गिम, एवढंच. ते गुंडाळायला माझी गरजही नव्हती. तरी ती मला काढायची आणि फार काळजीने दाबायची. तिची बोटं थंड असायची, ओट्याच्या दगडापेक्षा थंड. घराबाहेर उन्हाळा असला तरी अंगात जाड स्वेटर.

मला कळत होतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. पण मला फक्त गुंडाळता येतं.

हिवाळ्याच्या तोंडावर वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. बोंगनिम आजी नव्या गिमचा गठ्ठा काखेत मारून वान्दोवरून आली. दिवसभर कोबी, मीठ आणि तिखटात हात घातल्यावर तिला गरम पाण्याने अंघोळ हवी होती. ती म्हणाली की मी गल्लीच्या टोकाच्या न्हाणीघरात जाते, आणि दासोमला घेऊन जाते, माझी पाठ चोळायला. तिथे सगळ्या बायका एकत्र न्हातात. लहानपणापासून दासोम आजीबरोबर तिथे जायची. त्या दिवशी ती नको नको म्हणाली. आजीने ऐकलं नाही.

दोघी परत आल्या तेव्हा दासोम सरळ खोलीत गेली आणि आजी स्वयंपाकघरात आली. केस ओले, हातात अजून पाठ चोळायचं खरबरीत कापड. मिरान किमचीच्या बरण्या पुसत होती.

“तू तिला शेवटचं कधी न्हाताना पाहिलंस?” आजीने विचारलं.

“आता मोठी झाली ती, आई. लाजते.”

“लाजत नाही. लपवते.” आजी खाली बसली. “मी तिची पाठ चोळायला गेले आणि माझा हात हाडावर अडकला. पुन्हा चोळायला हातच उचलेना. शेजारच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्या पोरीला उपाशी ठेवलंय.”

मिरानचं तोंड उतरलं. ती म्हणाली की ती खाते, रोज स्वतः डबा करते, भाज्या खाते, तब्येतीचं खाते. एकच वाक्य ती फिरवून फिरवून म्हणत राहिली. मग तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटतं, बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं.

त्यानंतर मिरानने जे केलं ते घाबरलेली कुठलीही आई करेल. तिने मला काढलं आणि जुना गिंबाप केला, पांढऱ्या भाताचा, अंड्याचा, तेल लावून चकचकीत केलेला. दासोमला समोर बसवलं आणि संपल्याशिवाय उठायचं नाही म्हणाली. दासोम चावत राहिली, चावत राहिली. ताट रिकामं झालं. मिरानने सुटकेचा श्वास टाकला. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा कपडे धुताना तिला दासोमच्या स्वेटरच्या बाहीत कागदी रुमालात गुंडाळलेले, चावून काढलेले घास सापडले.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर होते. मिरानने रुमाल दासोमच्या पुढ्यात टाकला. दासोमने बाही ओढून बोटं झाकली. मिरानने हाताला लागेल ते उचललं. हाताला मी लागले. तिने मला भिंतीवर भिरकावलं. माझा एका बाजूचा दोरा तुटला आणि काड्या हाताच्या बोटांसारख्या फाकल्या. मी फ्रिजच्या मागे पडले. तिथून मला फक्त आवाज ऐकू येत होते. आधी मिरान रडली. मग दासोमचा आवाज आला, अगदी हळू. “आई, मला खाता येत नाही. मी नाटक करत नाही. खरंच येत नाही.”

पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात कोसळली. तिला ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिच्या हृदयाचे ठोके फार मंद पडलेत असं चोलगू फोनवर कुणाला तरी सांगत होते. 

घर थंड पडलं. फ्रिजमागे धूळ आणि ओल, माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली. चूल पेटायची ती चोलगूंच्या भातापुरती. आजी वान्दोला परत गेलीच नाही. समुद्रातलं पीक शेजाऱ्यांच्या हवाली करून ती राहिली. दासोमजवळ बसायला इस्पितळात ठरावीक वेळच होती. उरलेला वेळ ती मिरानला सांभाळत होती, कारण मिरान आता पाण्यावर जगत होती.

एका दुपारी मिरान इस्पितळातून आली आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली, फ्रिजमागच्या फटीतून मला दिसेल अशी. आजीने तिच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला. तिने तो बाजूला सारला. मग ती आजीला सांगू लागली. डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना समोरासमोर बसवलं होतं. आईला काय सांगायचंय ते सांग, असं दासोमला म्हटलं. मिरानला वाटलं, पोर आता मला दोष देईल, मी कोंबलं, मी चटई भिरकावली, म्हणून. ती त्यासाठी तयार होऊन बसली होती. दासोमने विचारलं, “आई, तू कधी जेवतेस? मी तुला पूर्ण ताट घेऊन बसलेलं कधीच पाहिलं नाही. मला वाटायचं, चांगल्या बायका असंच करतात.”

हे सांगून मिरान आजीकडे बघत राहिली.  मला वाटतं, आजीलाही तिचं स्वतःचं उभं राहून खाल्लेलं जेवण आठवत असावं. मग तिने वाडगा पुन्हा पुढे केला, स्वतःसाठी दुसरा भरला आणि मांडी घालून समोर बसली.

“तू नाही खाल्लंस तर ती कुणाकडे बघून खाणार?” ती म्हणाली. “चल. मीही जेवते.”

दोघी जेवल्या. ते काही फार आनंदाचं जेवण नव्हतं. मिरानला प्रत्येक घास गिळायला त्रास होत होता आणि आजी तिच्याकडे न बघता जेवत होती.

फ्रिजमागून मला आजीनेच काढलं. मिठाच्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, आणि जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने माझ्या काड्या पुन्हा बांधल्या. गाठी घट्ट आहेत, पण एका बाजूने मी कायमची तिरपी झाले.

वसंतात दासोम घरी आली. बरी होऊन आली असं मी म्हणणार नाही. तिच्या डॉक्टरीणबाईसुद्धा तसं म्हणत नव्हत्या. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असत. सगळे एकत्र बसत, बोंगनिम आजी बेटावरच्या बायकांच्या भानगडी सांगे, आणि दासोम मान खाली घालून जेवे. कधी घास घेता घेता डोळ्यांतून पाणी येई. कुणी काही म्हणायचं नाही असं ठरलं होतं. कधी दोन पावलं पुढे जाई, कधी परीक्षा जवळ आली की पुन्हा स्वेटर बाहेर निघे आणि चोलगू खाली जाऊन गल्लीत उगाच फेऱ्या मारत. अशी वर्षं गेली. आजी वान्दोला परतली. दासोमला ग्वांगजूच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

मिरानला तिला एकटं पाठवायची छाती होत नव्हती. तिथेच घर घेऊ, मी येऊन राहते, म्हणाली. दासोमने नको म्हटलं. निघायच्या सकाळी मिरान बसथांब्यावर जागा धरायला पुढे गेली होती, तेव्हा दासोमने मला खिळ्यावरून काढलं आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. अंधाऱ्या बॅगेत मी एकच विचार करत होते. माझ्यावर मिरानने तिला वाढवलं, आणि माझ्यावरच तिने स्वतःला झिजवलं. आता ती मला कशासाठी नेतेय?

सध्या मी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात असते. दासोमबरोबर हारिम नावाची मुलगी राहते, डोंगराकडच्या गावातली, मोठ्याने हसणारी. मला बघून ती म्हणाली, “ए, ही काय बाहुलीची चटई?” दासोम म्हणाली, शिकवीन कधीतरी. पण बरेच दिवस मी नुसती कपाटात पडून होते.

आमच्या मुलखात माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘जेवलात का’ असाच असतो. उत्तराकडे कुणाचं लक्षही नसतं. हा प्रश्न दासोमला विचारायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मिरानला सांगितलं होतं. त्यामुळे तिचे फोन भलतेच सुरू होतात. तिकडे पाऊस आहे का, खोलीत उजेड येतो का, आणि मग एक मोठी गप्प जागा. त्या जागेत काय आहे ते दोघींनाही ठाऊक असतं.

या रविवारी संध्याकाळी दासोमने मला बाहेर काढलं. गिम ठेवला. फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवलेला, पलीकडे मिरान. पावसाचं बोलून झालं, आणि ती गप्प जागा आली. दासोमचे हात भातात होते.

“आई,” ती म्हणाली, “तू जेवलीस का?”



“अजून नाही,” मिरान म्हणाली. खरं तेच बोलली.

“मग वाढून घे. बसून जेव. मी फोन ठेवत नाही.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वाडग्यावर चमचा वाजला. इकडे दासोमने भात पसरला. मला हवा होता त्याहून कमी. ती त्याकडे बघत राहिली. पातेल्यातून चिमूटभर आणखी घेतला, ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. पालक मांडला, अंड्याची पट्टी मांडली, आणि मला उचललं.  दोन्ही हातांनी दाबलं.

तेवढ्यात हारिम आत आली. मी मनातच तिला म्हटलं, बाई गं, तुला माझं एवढंच मागणं आहे. तिच्या ताटाकडे बघू नकोस. किती घेतलं ते विचारू नकोस, छान दिसतेस असंही म्हणू नकोस. नुसती शेजारी बैस आणि तू पोटभर जेव.

दासोम आता खणात सुरी शोधतेय. फोनमधून अजून चमच्याचा आवाज येतोय. उद्या काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. माझ्या काड्यांमध्ये भाताची शितं अडकलीत. कुणी मला इतक्यात धुवू नका. राहू द्यात ती थोडा वेळ.